मागून येणारा आवाज

‘मागून काहीतरी वाजतंय.’ गॅरेजात रोज ऐकू येणाऱ्या तक्रारींत मेकॅनिकला सगळ्यात कमी सांगणारी तक्रार हीच. इंजिन अडखळत असेल तर स्कॅनर जोडून बिघाडाचा कोड वाचता येतो. मागच्या सस्पेन्शनमधल्या रबरी बुशला मात्र कुठलीही वायर जोडलेली नसते, शॉकअपच्या नटावर सेन्सर नसतो. आधुनिक मोटारीतला संगणक इंजिनातल्या ज्वलनाचा क्षणाक्षणाचा हिशोब ठेवतो, पण मागच्या चाकाजवळ बोल्ट अर्धा आटा सैल झाला तर त्याला पत्ता लागत नाही. तिथे अजूनही माणसाचा कान लागतो.

आणि नेमक्या याच कामात कान फसतो. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो. एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानापर्यंत पोहोचायला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशीर होतो आणि तो तिथे थोडा क्षीणही होतो. इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी १९०७ मध्ये याची मांडणी केली, तेव्हाच तिची मर्यादाही दिसून आली होती. आवाज बरोबर समोरून किंवा बरोबर पाठीमागून आला, तर दोन्ही कानांना तो एकाच वेळी आणि सारखाच मिळतो. मोकळ्या जागेत माणूस मान वळवून पुढचं-मागचं ठरवतो, पण गाडी चालवताना मान वळवून बसता येत नाही.

त्यात मोटारीचा सांगाडा पोलादाचा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पोलादात जवळपास ५,००० मीटर. चार मीटर लांबीच्या गाडीच्या एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला एका मिलिसेकंदाच्या आत पोहोचतो. मग दाराचा पत्रा, छत, मागच्या सीटखालची जमीन असं सगळंच एकदम वाजतं, आणि ज्या पत्र्याला थरथरायला सर्वात मोकळीक असेल तो सर्वात मोठ्याने. डाव्या शॉकअपचा ठोका उजव्या दारातून ऐकू आला, अशा तक्रारी यामुळेच होतात. चूक ऐकणाऱ्याची नसते. आवाज खरोखरच त्या दारातून बाहेर पडत असतो, फक्त तो जन्मलेला दुसरीकडे असतो.

म्हणून आवाज कुठून येतो हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवून तो कधी येतो हे आधी विचारावं. खड्ड्यात की गुळगुळीत रस्त्यावर, ब्रेक दाबताना की वळताना, रिकाम्या गाडीत की भरलेल्या, सकाळी की तापल्यावर? जागेच्या बाबतीत फसणारा कान वेळेच्या बाबतीत फार पक्का असतो.

वेळेची ही परीक्षा घ्यायला कर्जत आणि खालापूर तालुक्यांइतका सोयीचा मुलूख महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. कर्जतच्या चारफाट्यावरून निघालं की एकाच फेरीत रस्त्यांचे सगळे नमुने चाकाखालून जातात. पळसदरी, केळवली, डोळवलीच्या बाजूने खोपोलीकडे जाणारा रस्ता, चौकवरून जाणारा जुना मुंबई-पुणे महामार्ग, खालापूरच्या टोलनाक्याचा काँक्रीटचा द्रुतगती मार्ग, खोपोलीच्या पुढे बोरघाटाची वळणं, आणि दुसऱ्या टोकाला नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा अंगावर येणारा चढ. मोटार कंपन्या असे रस्ते मुद्दाम बांधून घेतात. अहिल्यानगरला संरक्षण खात्याच्या ‘व्हीआरडीई’ या संस्थेकडे आणि मध्य प्रदेशात पिथमपूरला ‘नॅट्रॅक्स’मध्ये चाचणीचे निरनिराळे मार्ग आहेत. पिथमपूरचा वेगाचा मार्ग ११.३ किलोमीटरचा आहे. कर्जतच्या माणसाला ही सोय दाराशीच आहे, फक्त कुठल्या रस्त्याला काय विचारायचं हे कळायला हवं.

पहिला प्रश्न गतिरोधकाला. आवाज पुढच्या चाकांचा की मागच्या, याचा निकाल इतका साधेपणाने दुसरीकडे कुठेच लागत नाही. मारुती स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटरचं अंतर आहे. गाडी ताशी १० किलोमीटरने चालली असेल तर पुढचं चाक उंचवट्यावर चढल्यानंतर मागचं चाक तिथे पोहोचायला जवळपास ०.९ सेकंद लागतो. एवढा वेळ कानाला भरपूर झाला. पहिल्या उसळीला शांतता आणि दुसरीला ‘टक’, तर दोष मागे. मात्र त्यासाठी गतिरोधक अरुंद हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावर पुढचं चाक उतरायच्या आत मागचं चढायला लागतं आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. सोसायटीच्या किंवा शाळेच्या दारात बसवलेली रबराची अरुंद पट्टी या कामाला जास्त चांगली. मग फक्त डावी चाकं पट्टीवरून न्यायची, नंतर फक्त उजवी. बाजूही कळते.

पण या फेरीला निघण्याआधी गाडी रिकामी करायची. डिकीतली पिशवी, पाण्याच्या बाटल्या, छत्री, जॅक, पाने, स्टेपनी, मागच्या काचेखालचा ट्रे, सगळं खाली काढायचं. स्टेपनी परत बसवायची तर तिचा मधला स्क्रू हाताने पूर्ण आवळायचा. मागच्या सीटची पाठ दुमडणारी असेल तर तिची कडी बसली आहे का ते पाहायचं, रिकाम्या सीटबेल्टची बकलं दाराच्या प्लास्टिकवर आपटत नाहीत ना तेही. नंबरप्लेट हाताने हलवून बघायची. सायलेन्सर ज्या रबरी कड्यांत टांगलेला असतो त्यातली एक तुटली, तरी सायलेन्सर झोके घेत गाडीच्या पोटावर आपटतो आणि तो ठोका सस्पेन्शनच्या ठोक्यासारखाच लागतो. हँडब्रेकची केबल क्लिपमधून निसटून पत्र्यावर वाजते. पेट्रोलची टाकी बहुतेक मोटारींत मागच्या सीटखाली असते. ती अर्धी भरलेली असताना ब्रेक दाबला की आतलं इंधन पुढच्या भिंतीवर आदळतं आणि मंद ‘धप’ असा आवाज येतो, जो टाकी भरताच नाहीसा होतो. हे सगळं न तपासता शॉकअपची जोडी बदलून घेणाऱ्यांचे पैसे वाया जातात. डिकी रिकामी करायला एक रुपयाही लागत नाही.

एवढं करूनही आवाज राहिला, तर मागे काय बसवलेलं आहे हे माहीत हवं. स्विफ्ट, बलेनो, आय ट्वेंटी, नेक्सॉन अशा आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत मागे ट्विस्ट बीम असते. दोन चाकांना जोडणारी ही पोलादी तुळई गरजेपुरती पीळ खाते. फोक्सवागनने १९७४ मध्ये सिरॉको आणि गोल्फ या गाड्यांत ती आणली, आणि स्वस्त, आटोपशीर व मजबूत असल्याने ती जगभर पसरली. तिची रचना समजायला सोपी आहे. पुढच्या बाजूला दोन मोठे रबरी बुश तिला गाडीच्या पोटाशी जोडतात, वजन दोन कॉइल स्प्रिंगांवर असतं आणि उसळी जिरवायला दोन शॉकअप. म्हणजे आवाज करू शकणारे सांधे हाताच्या बोटांवर मोजता येतात. बोलेरो, पिकअप आणि एसटीच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या गाड्यांत मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंगा असतात, अँबॅसॅडर आणि पद्मिनीतही तेच होते. तिथे सांधे वेगळे आणि आवाजही वेगळे.

आता एक गोष्ट, जी पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली तरी आवाज नाही, पण बारीक खडीवर सतत ‘टकटक टकटक’. गाडीमालकाला वाटतं, मोठ्या दणक्याला काही झालं नाही म्हणजे बिघाड किरकोळच असणार. खरं तर हे शॉकअपच्या वरच्या नटाचं किंवा त्याच्या रबराचं ठरलेलं लक्षण आहे. दांडा सैल झालेली कुऱ्हाड हातात धरून हलकेच हलवली तर पातं खुळखुळतं, तीच लाकडावर जोर देऊन दाबली तर गप्प राहते. सांध्यात जागा झाली की असंच होतं. मोठ्या धक्क्यात भार बराच वेळ एकाच दिशेने दाबतो, त्यामुळे नट एका बाजूला घट्ट टेकून राहतो. बारीक खडीवर चाक सेकंदाला दहा-पंधरा वेळा वरखाली होतं, भाराची दिशा तितक्याच वेळा पालटते आणि प्रत्येक पालटाला धातू धातूवर आपटतो. पावसाळ्यानंतर डांबर निघून खडी वर आलेला गावाकडचा रस्ता इथे उपयोगी पडतो. मागे बसलेल्या माणसाने डिकीत शॉकअपचं वरचं टोक जिथे येतं त्या जागी तळहात ठेवला, तर कानाला न सापडलेलं हाताला सापडतं.

याच्या उलट लक्षण, बारीक खडीवर शांतता आणि मोठ्या खड्ड्यात ‘धाड’, हे दमलेल्या शॉकअपचं किंवा झिजून गेलेल्या बंप स्टॉपचं, म्हणजे शेवटचा दणका झेलणाऱ्या रबरी ठोकळ्याचं. गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडला आणि ती एकदा वर येऊन थांबली तर ठीक, झुलतच राहिली तर शॉकअपमधलं तेल गळून गेलेलं असतं. नळीवर तेलाचा ओला, धूळ चिकटलेला पट्टाही दिसतो.

द्रुतगती मार्गाचं काम वेगळं. काँक्रीटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर सांधे असतात, आपल्याकडे साधारण साडेचार मीटरवर. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला सेकंदाला सहा ठोके होतात, आणि ते रस्त्याचे असतात, गाडीचे नव्हेत. हे आधी ओळखून वेगळं काढावं लागतं. नंतर उरते ती घरघर. वेग वाढला की तिचा सूर चढतो, क्लच दाबून गाडी मोकळी सोडली तरी ती राहते, म्हणजे इंजिनचा संबंध नाही. ती टायरची असू शकते किंवा चाकाच्या बेअरिंगची. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की टायरचा सूर बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. मग बोरघाट. डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर सरकतो. तेव्हा घरघर वाढली तर उजव्या बेअरिंगवर संशय घ्यायचा, उजव्या वळणावर वाढली तर डाव्या. १८३० मध्ये या घाटातून गाडीरस्ता खुला झाला तेव्हापासून बैलगाड्यांनी, ट्रकांनी आणि एसटीने या वळणांवर आपापली चाकं पारखली आहेत. ऐकण्याचं काम मात्र शेजारी बसलेल्याने करायचं. चालवणाऱ्याचं लक्ष घाटात रस्त्यावरच हवं.

ट्विस्ट बीमच्या पुढच्या बुशची परीक्षा तर मोकळ्या मैदानातही होते. हळू पुढे जायचं, ब्रेक दाबायचा. रिव्हर्समध्ये जायचं, पुन्हा ब्रेक दाबायचा. ब्रेक लागला की चाकं थांबू पाहतात आणि गाडीचं अंग पुढे जाऊ पाहतं, या ओढाताणीत फाटलेला बुश दरवेळी ‘धप’ असा जाड आवाज देतो. इथे एक सावधगिरी हवी. मागे ड्रम ब्रेक असतील, तर दिशा बदलल्यानंतरच्या पहिल्या ब्रेकला शू आपल्या जागेवर थोडे सरकून टेकतात आणि एकच बारीक ‘टक’ येतो. तो बहुतेक वेळा नैसर्गिक असतो. दुसऱ्या ब्रेकला तो आला नाही की बुशला दोष द्यायचा नाही.

ठोक्यांपेक्षा कुरकुरीचा शोध अवघड, आणि पावसाचा मुलूख तो आणखी अवघड करतो. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माथेरानला त्याहूनही अधिक. चार महिने गाडीच्या पोटावर चिखलाचं पाणी उडत राहतं, रबर आणि धातू यांच्या फटीत बारीक माती जाऊन बसते. पाऊस थांबला, ऑक्टोबरचं ऊन तापलं की ती माती वाळते आणि कुरकुर सुरू होते. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, ताण वाढला की एकदम सुटतात, पुन्हा चिकटतात. हे सेकंदाला शेकडो वेळा घडलं की सूर ऐकू येतो. सारंगीच्या तारेवर गज याच तत्त्वावर वाजतो. असा आवाज पाऊस आला की बंद होतो आणि दोन दिवस ऊन पडलं की परततो, त्यामुळे गॅरेजात गाडी धुऊन नेली तर मेकॅनिकला तो कधीच ऐकू येत नाही. मात्र हेच पाणी शोधाला वापरता येतं. कोरडी गाडी एकाने मागून दाबत राहायची, दुसऱ्याने बाटलीतून एकेका बुशवर थोडं पाणी सोडायचं. ज्या सांध्यावर पाणी पडताच कुरकुर थांबली, तो सांधा सापडला. त्यावर इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस चोपडण्याची आपल्याकडे सवय आहे आणि ती घातक आहे. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं आणि लवकर फाटतं. रबराला चालतं ते सिलिकॉनचं ग्रीस.

नेरळ स्टेशनबाहेरून दस्तुरी नाक्यापर्यंत माणसं वाहणाऱ्या व्हॅन हा मागच्या सस्पेन्शनचा स्वतंत्र अभ्यास आहे. माथेरान सुमारे ८०० मीटर उंचावर, आणि दस्तुरीच्या पुढे खासगी मोटारींना प्रवेश नाही, म्हणून सगळी वाहतूक या एका चढावर. वर जाताना गाडी भरलेली, चढामुळे मागच्या चाकांवर आणखी भार. उतरताना कधी निम्मी रिकामी, सतत ब्रेक, भार पुढे सरकलेला. एकाच गाडीच्या मागच्या स्प्रिंगा एकाच दिवसात कितीतरी वेळा दबतात आणि उघडतात. २०१९ पर्यंत तयार होत असलेल्या मारुती ओम्नी या व्हॅनला मागे पाटे होते. पाट्यांच्या पानांचं एकमेकांवर घासणं हा पूर्ण दोष नसतो, कारण त्या घर्षणानेच उसळी काही प्रमाणात जिरते. पण पानांच्या टोकांजवळ गंजाची लाल भुकटी दिसू लागली, पाटे ॲक्सलला आवळणारा यू-बोल्ट सैल झाला किंवा पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या शॅकलचा बुश अंडाकृती झिजला, की कुरकुरीच्या जागी ‘खटाक’ येतो. हा ‘खटाक’ रिकाम्या गाडीत येतो की भरलेल्या, यावर बरंच ठरतं. त्यासाठी डिकीत तांदळाची दोन पोती टाकून तोच रस्ता पुन्हा चालावा. भाताच्या ‘कर्जत’ वाणांचं संशोधन केंद्र ज्या गावात आहे तिथे पोत्यांची वाण नाही. वजन पडताच आवाज गेला तर सांधा सैल आहे आणि भाराने तो दाबला जातोय. वजनाने वाढला तर काहीतरी खाली टेकतंय, स्प्रिंग बसली आहे किंवा पान तुटलं आहे.

एवढं निदान करून गाडी लिफ्टवर चढवली की पुष्कळदा काहीच सापडत नाही, आणि मालक-मेकॅनिक दोघांचाही धीर सुटतो तो इथे. लिफ्ट गाडीला पोटाखाली धरून उचलते, चाकं लोंबकळतात. स्प्रिंगवरचा भार उतरतो, शॉकअप पूर्ण ताणला जातो, रस्त्यावर वाजणारी सैल जागा ताणाने मिटून जाते. गाडी हवेत असताना सांधा वेगळ्याच स्थितीत असतो. म्हणून चाकं जमिनीवर टेकलेली हवीत आणि भार जागच्या जागी हवा, आणि जमिनीत खणलेला जुन्या पद्धतीचा पिट किंवा चाकांखाली धरणारा रॅम्प या कामात चकचकीत लिफ्टपेक्षा सरस ठरतो. खाली उतरलेला माणूस टॉमीने एकेक बुश हलवतो, वर दुसरा गाडी झुलवतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक सांध्यावर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावण्याची मेकॅनिकची युक्ती आणि डॉक्टर रने लेनेक यांनी १८१६ मध्ये पॅरिसला बनवलेला पहिला स्टेथोस्कोप यांच्यामागची मूळ कल्पना एकच, आवाजाला हवेऐवजी घन पदार्थातून वाट देणं. आता चिमट्यासारखे मायक्रोफोन चारपाच सांध्यांना लावून चालत्या गाडीत हेडफोनवर ऐकण्याची साधनंही मिळतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही, कधीही जाऊ नये. खाली भक्कम घोडे लावलेले हवेत.

दुरुस्तीतली एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थांबून बोलायला हवं. नवीन बुश बसवताना चाकं हवेत लोंबकळत असतात आणि त्याच स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला जातो. रबर-धातूच्या बुशमध्ये आतली नळी बोल्टने पक्की होते, बाहेरची कडी बीमला पक्की असते आणि मधलं रबर पीळ खाऊन हालचाल होऊ देतं. लोंबकळत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो. सरळ रस्त्यावर उभ्या गाडीतही ते ताणलेलं राहतं, प्रत्येक खड्ड्यात आणखी ताणलं जातं आणि अकाली फाटतं. नवा बुश टाकूनही काही महिन्यांत तोच आवाज परत आला, तर निकृष्ट मालाला शिव्या देण्याआधी बोल्ट कसा आवळला होता हे विचारावं. योग्य पद्धत साधी आहे. बोल्ट आधी हलका लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची, दोनचारदा झुलवायची आणि मग कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला आवळायचा. यात वेळ जातो, म्हणून घाईच्या गॅरेजात ही पायरी गाळली जाते. मालकाने तिथे उभं राहून ती करवून घेण्यात काहीही गैर नाही.

विजेवरच्या गाड्यांनी या विषयाला नवी निकड आणली आहे. इंजिनाच्या आवाजाखाली आजवर बरंच काही झाकलं जाई. २०२० च्या जानेवारीत बाजारात आलेल्या नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीत ते पांघरूण नाही, त्यामुळे पूर्वी कधीच कानावर न आलेली क्लिपची किरकिर आता ठळक ऐकू येते. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांत मोटारींचे आवाज आणि कंपनं हा अभ्यासाचा स्वतंत्र विभागच आहे.

शोधाला वेळ देता येतो तो बहुतेक आवाजांच्या बाबतीत, सगळ्यांच्या नव्हे. आवाजासोबत गाडीची चाल बदलली, सरळ रस्त्यावर ती एका बाजूला ओढू लागली, मागचा एक कोपरा खाली बसलेला दिसला किंवा चाकाच्या फेऱ्यांच्या लयीत ‘खडखड’ सुरू झाली, तर ती परीक्षेची वेळ नाही. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला तर मागचा ॲक्सल जागेवरून सरकू शकतो. चाकाचे नट सैल झाले असतील तर चाकच निघू शकतं. अशी लक्षणं खोपोलीत दिसली तर घाट चढायचा नाही, नेरळला दिसली तर माथेरानची वाट धरायची नाही. रस्त्याच्या कडेला सपाट जागी थांबून आधी चारही चाकांचे नट पान्याने तपासायचे, मागच्या दोन्ही स्प्रिंगा किंवा पाटे वाकून बघायचे, आणि त्यात काही तुटलेलं दिसलं तर गाडी उचलून नेणारी क्रेन बोलवायची.